‘अंडरवर्ल्ड’ची डिस्क: आधी सिनेमा, मग पुस्तिका

जुने-नावाजलेले सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने 2010 मध्ये जोसेफ फॉन स्टर्नबर्गचे तीन मूकपट एका संचात काढले. त्यातला ‘अंडरवर्ल्ड’ (1927) पाहायला संच घ्यावाच, पण खरी चैन सोबतच्या पुस्तिकेत आहे. कथाकार बेन हेक्ट मुळात शिकागोचा बातमीदार. गुन्हेगारांची दुनिया त्याने बातमीसाठी जवळून पाहिली होती. याच कथेसाठी त्याला पहिल्या ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार मिळाला, आणि गंमत म्हणजे दिग्दर्शकाने कथेचं जे केलं ते पाहून तो इतका भडकला, की पडद्यावरून आपलं नाव काढा म्हणाला! त्याची मूळ कथा पुस्तिकेत छापली आहे. आधी सिनेमा पाहा, मग ती वाचा. उलट केलंत तर सगळा वेळ फरक शोधण्यात जाईल.

हेक्टला बोचला तो हळवेपणा. फरार झालेला दांडगा गुंड बुल वीड (जॉर्ज बँक्रॉफ्ट) मांजराच्या पिलाला दूध पाजतो, हे बातमीदाराला कसं पचावं? पण याच हळवेपणामुळे बुल, त्याची मैत्रीण फेदर्स आणि दारूत बुडालेला माजी वकील रोल्स रॉइस यांचा त्रिकोण उभा राहतो. फेदर्सच्या अंगावरचं एक पीस तरंगत खाली रोल्स रॉइसपर्यंत येतं, तिथेच पुढचं सगळं कळतं. पिकदाणीत टाकलेल्या दहा डॉलरच्या नोटेचा प्रसंग तर अपमान म्हणजे काय ते दाखवतो.

संगीताचे दोन पर्याय आहेत. पहिल्यांदा रॉबर्ट इस्रायलचं वाद्यवृंदी घ्या. अलॉय ऑर्केस्ट्राचा ठोका गुंडांच्या वार्षिक नाचात रंगतो, पण नाजूक प्रसंगांवर जरा चढतो. मेनूत निवड करायला विसरू नका.

चित्र जवळपास चौकोनी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला झूम केलंत तर डोकी आणि मजकुराच्या पाट्यांच्या ओळी कापल्या जातात. ताणलंत तर बँक्रॉफ्ट आहे त्याहून रुंद दिसतो, आणि तो मुळातच रुंद आहे. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर धूर आणि कागदी फितींच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. उभे ओरखडे मात्र प्रिंटचे आहेत, सेटिंग बदलून जाणार नाहीत.

याच संचाची 2019 ची ब्लू-रे घेणार असाल तर ती रीजन ‘ए’ची, म्हणजे अमेरिका, जपान वगैरे भागांसाठीची आहे. प्लेअर दुसऱ्या रीजनला बांधलेला असेल, तर डिस्क आत जाईल पण चालणार नाही.