कासवाच्या कवचाची चकाकी आणि आमची झालेली फसवणूक

इंग्लंडमधील रेडिंग येथे राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने २०२२ च्या मे महिन्यात हर्मन जातीचे पाच वर्षांचे एक कासव विकत घेतले. त्या व्यवहारात गेलेले पैसे आता परत मिळणार नाहीत. परंतु ज्या युक्तीने आम्हाला फसवण्यात आले, ती अजूनही तशीच वापरली जात असल्याचे मला जाहिरातींवरून दिसते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हर्मन कासव हे मूळचे दक्षिण युरोपातले. त्याच्या पिवळ्या कवचावर काळे ठसठशीत डाग असतात आणि त्या रंगसंगतीमुळेच ते लोकांना आवडते. भूमध्य सागराच्या परिसरातील कासवांच्या व्यापारी आयातीवर १९८४ मध्ये बंदी आली, आणि आता ब्रिटनमध्ये हर्मन कासव विकायचे असेल, तर त्यासाठी ‘आर्टिकल १०’ नावाचे प्रमाणपत्र लागते. आमच्या विक्रेत्याने या प्रमाणपत्राची मूळ प्रत आमच्या हाती दिली आणि त्यावरील क्रमांक कासवाच्या मायक्रोचिपशी तंतोतंत जुळला. कागद खरा आहे, म्हणजे माणूसही खरा असणार, असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात ते प्रमाणपत्र कासव कायदेशीर मार्गाने आले आहे एवढेच सांगते. ते कसे वाढवले गेले, त्याला ऊन मिळाले की नाही, त्याचे हाड भरले आहे की नाही, याविषयी त्यात एक अक्षरही नसते.

विक्रेत्याने आम्हाला मोबाइलवर दोन छायाचित्रे दाखवली. पहिल्यात राखाडी, कोरड्या कवचाचे एक कासव होते. दुसऱ्यात काळ्या-पिवळ्या रंगाने झळाळणारे. हे एकच कासव असून उत्तम निगेमुळे सहा आठवड्यांत त्याचा रंग असा पालटला, असे त्याने सांगितले. समोरच्या पेटीतले कासवही तसेच चकाकत होते. ही निगा पुढे चालू राहावी म्हणून त्याने कासवाच्या २२० पौंडांखेरीज ७५ पौंडांचा एक संच आम्हाला दिला. त्यात कवचाला आठवड्यातून दोनदा लावायचे तेल, एक दिवा आणि दाणेदार खाद्य होते. साताऱ्याहून आईने फोनवर हे ऐकले तेव्हा ती म्हणाली, “अगं, लहान बाळालासुद्धा आपण तेल लावतोच की, मग त्या मुक्या जिवाला लावलं तर बरंच आहे.” तेल लावणे म्हणजे माया करणे, हे आपल्याकडे इतके खोलवर रुजलेले आहे की मला त्या बाटलीविषयी शंका घ्यावीशीच वाटली नाही.

पहिल्या दहा दिवसांत कोमट पाण्यात तीन-चार वेळा बसवल्यावर कासवाची चकाकी उतरली आणि खालून छायाचित्रातल्यासारखेच राखाडी, खरखरीत कवच दिसू लागले. मी विक्रेत्याला कळवले, तेव्हा तेल कमी पडत असल्याचे सांगून त्याने आणखी एक बाटली २० पौंडांना पाठवली. ती आम्ही जवळजवळ दोन महिने वापरली. तेलावर धूळ आणि माती चिकटून कवचावर एक चिवट थर बसला. कासव खाण्याकडे पाहीनासे झाले, तेव्हा कुठे आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी कोमट पाण्याने आणि मऊ दातांच्या ब्रशने कवच स्वच्छ केले. त्या थराखाली काही पांढरे डाग निघाले. ते कवच कुजण्याचे आहेत की आमच्या भागातील जड पाण्याच्या क्षारांचे, हे तेलामुळे आम्हाला कधी कळलेच नसते. सुदैवाने ते क्षारांचेच होते. पोटाकडची बाजू मात्र दाबल्यावर किंचित लवत होती आणि एक्स-रेमध्ये हाड विरळ दिसले. कासवाचे हाड भरायला उन्हातले अतिनील किरण लागतात, म्हणून मग त्यांनी ते किरण मोजण्याचे यंत्र आमच्या त्या दिव्याखाली धरले. काटा शून्यावरून हललाच नाही. तो दिवा निव्वळ उष्णता देणारा रंगीत बल्ब होता.

त्या दिवशी मला जे समजले ते आधी ठाऊक असते, तर मी त्या दोन छायाचित्रांना भुलले नसते. कासवाच्या कवचाच्या वरचे खण केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्या द्रव्याचे असतात, आणि त्यांच्या खाली जिवंत हाड असते. प्रत्येक खण आपल्या कडेने वाढतो. त्याच्या मध्यभागी दिसणारा लहानसा खडबडीत भाग हा पिल्लू अंड्यातून बाहेर आले तेव्हाचा असतो. एकदा तयार झालेले केराटिन निर्जीव असते. त्याला तेलातून पोषण मिळत नाही, उत्तम आहाराने त्याचा रंग बदलत नाही आणि वर आलेले उंचवटेही सपाट होत नाहीत. निगा सुधारली तर तिचा परिणाम दिसतो तो फक्त खणांच्या कडेला येणाऱ्या नव्या वाढीत, आणि तोही महिन्यांच्या हिशेबाने. सहा आठवड्यांत संपूर्ण पाठ उजळली, असे कोणी म्हणत असेल तर एक तर ती मळ धुतल्याने उजळली आहे किंवा तिच्यावर काहीतरी चोपडलेले आहे.

घरी येऊन मी ती दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली. हर्मन कासवाच्या काळ्या डागांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, आणि जर्मनीत तर कासवाची ओळख पटवण्यासाठी कवचाची छायाचित्रेच कागदपत्रांना जोडतात. पाठीच्या मधल्या रांगेतील दुसऱ्या खणावर पहिल्या छायाचित्रात दोन तुटक डाग होते, तर दुसऱ्यात एकच सलग पट्टा. ती दोन वेगळी कासवे होती. ही गोष्ट पाहायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि ती पाच मिनिटे मी खरेदीच्या आधी काढली नाहीत, याची खंत अजून जात नाही.

विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला. आपण छंद म्हणून कासवे पाळतो, व्यापारी नाही, असे त्याचे म्हणणे होते. इंग्लंडमध्ये पाळीव प्राणी विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याला २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. त्याच्या अनेक जाहिरातींपैकी एकीतही तो नव्हता. मी त्या सर्व जाहिरातींच्या प्रती काढून कौन्सिलकडे तक्रार केली आहे.

कासवाची व्यवस्था आम्ही मुळापासून बदलली. अतिनील किरण देणारी लांब नळी लावली, ऊन खायला बसण्याच्या जागी सुमारे ३५ अंश तापमान ठेवले, तळाला किंचित ओलसर राहणारी माती घातली आणि दाण्यांऐवजी डँडेलियन, क्लोव्हर यांसारखा रानपाला व त्यावर कॅल्शियमची पूड सुरू केली. दमटपणाचे महत्त्व मला आधी पटत नव्हते. पण सुलकाटा या आफ्रिकन कासवाच्या पिल्लांवर व्हिएन्नात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कवचावर उंचवटे येण्याशी आहारातील प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा संबंध कितीतरी जास्त असल्याचे दिसले होते. तेलाला आम्ही पुन्हा हात लावला नाही.

हे वाचून भारतात कोणाला कासव पाळावेसे वाटले, तर एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडचे तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि ते घरात पाळणे हा गुन्हा आहे. ते कोणी ‘कागदांसह’ देऊ केले, तरी तो व्यवहार करू नये.

आमच्या कासवाच्या खणांच्या सांध्यांत तिसऱ्या महिन्यात एक फिकट, साईसारख्या रंगाची रेघ दिसली. दीड वर्षाने ती सुमारे चार मिलिमीटर रुंद झाली होती: सपाट, गुळगुळीत, हळदीसारखी पिवळी, आणि तिच्यात शिरलेले काळे डाग धारदार कडांचे. तिच्या आतला जुना भाग आजही तसाच राखाडी आणि उंचसखल आहे, आणि पोटाकडची बाजू आता दाबल्यावर लवत नाही.