सामुराई चिलखताची ओवणी: केबिकी की सुगाके?

सामुराई चिलखताच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींत ओवतात. या ओवणीला ओदोशी म्हणतात. केबिकी पद्धतीत दोऱ्या इतक्या दाट बसतात की खालचा लाखेचा थर जवळजवळ झाकला जातो. सुगाकेत दोऱ्यांच्या जोड्या अंतर सोडून, मधे फुलीचे टाके घेत जातात.

दिसायला केबिकी अप्रतिम, यात वादच नाही. पण एका चिलखताला शेकडो मीटर दोरी लागते आणि भोकेही तितकीच जास्त. शिवाय दाट ओवणी पावसात पाणी पिऊन जड होते, लवकर वाळत नाही, थंडीत गोठते, चिखल आणि उवा धरून ठेवते. चिलखतांचे जपानी अभ्यासक साकाकिबारा कोझान यांनी १८०० साली हेच दोष नोंदवले होते. सोळाव्या शतकातल्या अखंड लढायांत सुगाके फोफावली, त्यामागे वेळ आणि खर्चाची बचतही होती. त्यानंतरच्या एदो काळाच्या (१६०३–१८६८) शांततेत मिरवण्यासाठी केबिकी पुन्हा आली.

म्हणून १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईतला साधा योद्धा उभा करायचा असेल, तर मी निःसंशय सुगाकेच ओवेन. हेइआन काळातल्या (७९४–११८५) ओ-योरोईला, म्हणजे घोडेस्वार योद्ध्यांच्या भारी चिलखताला, मात्र केबिकीच हवी. तिथे सुगाके वापरली तर काळच चुकतो.