शिडाच्या बोटीवर रगेड टॅब: कोकण किनाऱ्यावर एक मोसम वापरल्यानंतर

दसऱ्यानंतर बोट पाण्यात उतरवली, तेव्हापासून मे महिन्यात ती परत वर ओढेपर्यंत हा रगेड, म्हणजे दणकट बांधणीचा टॅब समुद्राचा नकाशा बघायला सुकाणूच्या शेजारी होता. खाली मालवणपर्यंत आणि वर दिघीपर्यंत सगळीकडे तो वापरला. त्याआधी प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घातलेल्या मोबाइलवर काम भागत होतं. टॅब आठ इंची, अँड्रॉइडचा, आयपी६८ (पाणी आणि धूळ रोखण्याचा दर्जा), बॅटरी काढता येणारी, कडेला दोन जादा बटणं. मॉडेलं सारखी बदलतात, म्हणून कंपनीचं नाव बाजूला ठेवून या जातीच्या टॅबबद्दलच लिहितो. घेण्यासारखी वस्तू आहे. पण पाणी आत जात नाही एवढ्यावर भाळून घेऊ नका. आपल्या समुद्रात टॅबचा कस लागतो तो ऊन, मीठ आणि ओली बोटं यांच्यापुढे.

पाण्याचं आधी उरकतो, कारण तिथे तक्रार नाही. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ म्हणजे त्याहून जास्त, आणि ते किती हे कंपनी सांगते. या चाचण्या गोड्या पाण्यातल्या असतात हे ध्यानात ठेवा. जाहिरातीत मिल-स्टँडर्ड ८१०एच, म्हणजे अमेरिकन लष्कराचं मानक, असंही लिहिलेलं असतं. ती चाचण्यांची लांबलचक यादी आहे, त्यातल्या कुठल्या करायच्या हे कंपनीच निवडते, तेव्हा कुठल्या केल्या ते बारीक अक्षरात वाचूनच पैसे मोजा. दुपारी वायव्येचा वारा धरला आणि आपण उत्तरेला निघालो असलो, की बोट कलते, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, लाटा फुटतात आणि कॉकपिटमधलं, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतलं, सगळं चिंब होतं. अशा कितीतरी दुपारी टॅबने काढल्या, आत थेंब गेला नाही. मीठ मात्र धरतं. नांगर टाकला की गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्यायचा; स्पीकरची जाळी आणि चार्जिंगचं झाकण विसरायचं नाही.

ऊन हा खरा शत्रू. साध्या टॅबची चमक ४००-५०० निट्सच्या (निट हे स्क्रीनच्या चमकेचं माप) आसपास असते, ती घरात पुरते. भर दुपारी उघड्या बोटीवर वाचायला १००० च्या जवळपास हवी. माझ्या टॅबला ती आहे, आणि फेब्रुवारीपर्यंत मजेत वाचता आलं. एप्रिलमध्ये वेगळंच. वरून ऊन, भोवती काळं रबर, आत पूर्ण चमकेवर चाललेला स्क्रीन. टॅब तापला की स्वतःला वाचवायला चमक आपोआप उतरवतो, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त हवी तेव्हाच. स्टँड हलवून स्प्रेहूडच्या (पाण्याचे शिंतोडे अडवणाऱ्या कापडी छताच्या) सावलीत आणलं, मागे हवा खेळेल अशी जागा सोडली, तेव्हा हा त्रास जवळजवळ थांबला. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर दुकानातच तो घालून टॅब आडवा आणि उभा धरून बघा. एका बाजूने स्क्रीन चक्क काळा दिसतो. माझा आडवा धरला की काळा होतो, म्हणून कायम उभाच बसवलाय.

आता ओली बोटं. टचस्क्रीन बोटाच्या विजेवर चालतो आणि खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे स्क्रीनवर ओघळणारा थेंब त्याला बोटासारखाच वाटतो. पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी, लाटांत, एका हातात टिलर (सुकाणूचा दांडा) धरलेला असताना नकाशा आपोआप सरकत सरकत आतल्या डोंगरावर गेलेला मी पाहिलाय. ओल्या स्क्रीनसाठीच्या ‘वेट टच’ मोडने फरक पडतो, पण पुरता नाही. खरा उपाय कडेची बटणं. एका बटणाला झूम, दुसऱ्याला ‘माझ्या जागेवर परत’ असं लावून ठेवलं, आणि कठीण जागी शिरण्याआधी टच बंद करून टाकतो. ज्या टॅबला अशी बटणं नाहीत तो कितीही मजबूत असला तरी शिडाच्या बोटीसाठी मी घेणार नाही.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास, म्हणजे साधारण १९ वॉट-तास; १२ व्होल्टच्या बॅटरीतून भरायला गळती धरून दोन अँपिअर-तास पुरतात. लहान सोलर पॅनलवर सहज निभतं. पूर्ण चमकेवर एक बॅटरी पाच-सहा तास जाते. पण यूएसबीचं झाकण समुद्रावर उघडायचं नाही. पोर्टमध्ये ओल राहिली आणि वायर लावली की आतले तांब्याचे दात हिरवे पडतात. मोसमाच्या मध्यावर माझा पोर्ट अडखळायला लागला, आणि खाऱ्या पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं सर्व्हिस सेंटरमधून उत्तर आलं. आयपी६८ म्हणून विकायचं आणि मीठ लागलं की हात वर करायचे, याचा मला अजून राग आहे. तेव्हापासून बाहेरच्या पिनांवर बसणाऱ्या डॉकनेच चार्ज करतो आणि दुसरी भरलेली बॅटरी कोरड्या डब्यात ठेवतो.

नकाशावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे जीव अडकलेला असतो. उघड्या आभाळाखाली टॅब तुमची जागा पाचेक मीटरपर्यंत बरोबर दाखवतो. त्याखालचा नकाशा तितका बरोबर असेलच असं नाही. ॲप कुठलंही असो, खोलीचे आकडे आलेत ते कधीतरी केलेल्या मोजणीतून. आपल्याकडे हे काम नौदलाचं डेहराडूनचं जलसर्वेक्षण कार्यालय करतं. बंदरांच्या आसपास हे आकडे तपशीलवार आहेत. पण लहान खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. बोटांनी झूम करत गेलं की रेघा मोठ्या होतात, माहिती तेवढीच राहते. मालवणला तर खडकांमधूनच आत शिरायचं असतं. तिथे मी सिंधुदुर्ग किल्ला आणि किनाऱ्यावरच्या खुणा डोळ्यांनी जुळवतो आणि टॅबवर फक्त मधूनमधून नजर टाकतो.

नकाशावरची खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून धरलेली असते. त्यात त्या वेळची भरती मिळवायची. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, मालवणात त्याच्या निम्मंच, तेव्हा मुंबईचा अंदाज घेऊन इकडे कुणी येऊ नये. भरतीच्या वेळा टॅबमध्ये आहेतच, तरी आमच्याकडचा जुना हिशेब मी रोज करतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ॲपशी थोडा फरक पडतो, पण टॅब बंद पडला तरी खाडीत कधी शिरायचं ते कळतं. शिरायचं ते चढत्या पाण्यातच. ओहोटी बाहेर निघालेली आणि समोरून दुपारचा वायव्येचा वारा, म्हणजे तोंडाशी उभ्या लाटा.

आणि जाळी. जयगडच्या एका तांडेलकाकांनी (मासेमारी बोटीच्या प्रमुखाने) टॅब हातात घेऊन नीट बघितला आणि विचारलं, “यात जाळी खंय दिसतत?” दिसत नाहीत. खाडीच्या तोंडात रोवलेली डोलीची, म्हणजे पिशवीसारखी, जाळी, काठीला बांधलेला काळा बावटा, थर्माकोलचे बोये, यातलं काहीच कुठल्या नकाशावर नाही, आणि लहान मचव्यांवर एआयएस, म्हणजे आपली जागा इतर बोटींना रेडिओवरून कळवणारं यंत्र, नसतं. मग काकांनीच बोटाने दाखवलं कुठून कुठपर्यंत डोली लागतात, आणि मी त्या जागा टॅबवर खुणा करून ठेवल्या. या टॅबचं मला सर्वांत आवडलेलं काम ते हेच. ज्या वाटेने भरतीला सुखरूप आत गेलो ती वाट साठवायची, खाली किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी लागलं ते लिहायचं, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायची. मोसमाच्या शेवटी माझ्याकडे आमच्या खाड्यांचा असा नकाशा झालाय जो विकत मिळत नाही.

रात्री नांगर सुटून बोट सरकली तर इशारा देणारा नांगराचा अलार्म चांगला वाजतो. ॲप नाइट मोडवर टाका, नाहीतर कमीत कमी चमकही डोळे दिपवते. स्टँड चुंबकाचं असेल तर होकायंत्रापासून लांब ठेवा. जवळ ठेवलं की सुई ढळते. सिमवाला टॅब घ्या आणि घेण्याआधी जीपीएस आहे ना ते विचारा, कारण काही वाय-फाय टॅबना ते नसतंच. नकाशे घरीच उतरवून घ्या, डोंगराच्या आड गेलं की नेटवर्क जातं. कागदी चार्ट, व्हीएचएफ रेडिओवर संकटाचा १६ नंबरचा चॅनल आणि तटरक्षक दलाचा मदतीचा फोन नंबर १५५४ हे टॅब आला म्हणून मागे पडत नाहीत.

मांडव्याहून अलिबागला दिवसाउजेडी जाऊन परतणार असाल तर पाऊचमधला मोबाइल पुरे. रात्र खाडीत काढून पुढे निघणार असाल तर हा खर्च करा, आणि पैसे कमी पडले तर मोठा स्क्रीन सोडा, कडेची बटणं आणि दुसरी बॅटरी सोडू नका.