लाँग नॉनकोडिंग आरएनए दुसऱ्या प्राण्यात शोधायचाय: ब्लास्ट, लिफ्टओव्हर की सिंटेनी?

लाँग नॉनकोडिंग आरएनए (एलएनसीआरएनए) म्हणजे प्रोटीन न बनवणारा लांब आरएनए. तो शोधताना आधी दोन प्राणी एकमेकांपासून किती लांबचे आहेत ते बघा, टूल नंतर ठरवा. माणूस-चिंपांझी किंवा माऊस-रॅट असेल तर सरळ ब्लास्ट (सारखा सीक्वेन्स शोधणारं टूल) करा, काम होतं.

अंतर वाढलं की ब्लास्ट हात टेकतं. प्रोटीन जीनला रीडिंग फ्रेम (तीन-तीन बेसची वाचायची चौकट) सांभाळावी लागते, एलएनसीआरएनएला तसलं काही बंधन नाही, त्यामुळे सीक्वेन्स भराभर बदलतो आणि उरतात ते छोटे तुकडे. सायरानो घ्या ना, हजारो बेसचा आरएनए, पण मासे आणि सस्तन प्राणी यांच्यात नीट जुळतो तो फक्त ६७ बेसचा तुकडा!

लिफ्टओव्हर (एका जीनोममधली जागा दुसऱ्या जीनोममध्ये कुठे येते ते सांगणारं टूल) माणूस-माऊससाठी छान, फास्ट पण आहे. फक्त एक, तिथे ‘डिलीटेड इन न्यू’ असं आलं म्हणजे जीन नाहीच असं धरून बसू नका, अलाइनमेंट (दोन सीक्वेन्सची जुळणी) मिळाली नाही एवढाच त्याचा अर्थ.

लांबच्या प्राण्यांसाठी मी डोळे झाकून सिंटेनीपासून, म्हणजे शेजारी तेच जीन आहेत का यावरून जागा शोधण्यापासून, सुरुवात करा म्हणेन. दोन्ही बाजूंचे दोन-तीन प्रोटीन जीन घ्यायचे, एन्सेंबल या जीनोम डेटाबेसमधून त्यांचे ऑर्थोलॉग (दुसऱ्या प्राण्यातले तेच जीन) काढायचे, आणि दुसऱ्या जीनोममध्ये त्यांच्या मधल्या जागेत त्याच स्ट्रँडवर काही ट्रान्सक्राइब होतंय का (आरएनए बनतोय का) ते आरएनए-सीकमध्ये, म्हणजे आरएनए सीक्वेन्सिंगच्या डेटात, बघायचं. असेम्ब्ली (जोडून तयार केलेला जीनोम) तुकड्या-तुकड्यांची असेल तर मात्र शेजारीच सापडत नाहीत. आणि टेलिऑस्ट माशांत (झेब्राफिशसारख्या हाडांच्या माशांत) पूर्ण जीनोम एकदा जास्तीचा डुप्लिकेट झालाय, शेजारी दोन क्रोमोसोमवर विखुरलेले असू शकतात, तेव्हा सगळेच एकत्र हवेत असा हट्ट नको.

पण जागा तीच म्हणजे जीन तोच असं अजिबात नाही हं. माणूस-माऊससारख्या सस्तन प्राण्यांत झिस्ट (मादीत एक एक्स क्रोमोसोम बंद करणारा एलएनसीआरएनए) जिथे आहे, चिक१ आणि एसएलसी१६ए२ या जीन्सच्या मध्ये, तिथे कोंबडीत एलएनएक्स३ नावाचा प्रोटीन जीन आहे! झिस्टचे काही भाग त्याच जुन्या जीनच्या अवशेषांतून आलेत. शिवाय चालू प्रोमोटरच्या (जीन जिथून सुरू होतो त्या जागेच्या) उलट्या दिशेला बऱ्याचदा काहीतरी ट्रान्सक्राइब होतच असतं, तेही दोन्हीकडे दिसलं की सिंटेनिक वाटतं.

म्हणून सिंटेनीने जागा पक्की केली की तेवढ्याच जागेत छोटे मोटिफ (टिकून राहिलेले छोटे सीक्वेन्स), स्प्लाइस साइट (आरएनए कापून जोडण्याच्या जागा) आणि कुठल्या टिश्यूत एक्स्प्रेस होतो ते तपासा. ड्रोसोफिला माशीच्या वेगवेगळ्या प्रजातींत रॉक्स नावाचे एलएनसीआरएनए शोधले तेव्हा सिंटेनी, छोटे जुळणारे तुकडे आणि स्ट्रक्चर असं सगळं एकत्रच वापरलं होतं. आणि एक कंट्रोल लावाच: तेवढेच ट्रान्सक्रिप्ट जीन्सच्या मधल्या जागांत रँडम टाकून बघा, नुसत्या योगायोगाने किती जोड्या जुळतात ते.