दुर्बिणीतून कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया: फायदे आणि खोड्या

एंडोस्कोपने, म्हणजे बारीक दुर्बिणीने, सगळं काम कानाच्या नळीतूनच होतं, कानामागचा काप वाचतो. पण सर्जनचा एक हात दुर्बीण धरण्यातच अडकतो, रक्त आलं की पंचाईत. पडद्याचं छिद्र बुजवायला जो तुकडा लावतात त्या कलमासाठी कानावरच्या स्नायूचं आवरण किंवा ट्रॅगसची (कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्याची) कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेतात. छिद्र मोठं असेल तर कूर्चा बरी, ती सहसा आक्रसत नाही. छिद्राच्या कडा नीट खरवडून ताज्या केल्या नाहीत तर कलम धरत नाही. कलम पडद्याच्या आतून लावून जेलफोमचा (विरघळणाऱ्या स्पंजचा) आधार देतात. नंतर शिंक तोंड उघडूनच द्यायची, नाक जोरात शिंकरायचं नाही, कलम सरकतं. अंघोळीला व्हॅसलीनचा कापूस हवाच. कान वाहत असताना तो कोरडा न करताच शस्त्रक्रियेची तारीख देत असतील तर दुसरं मत घ्या. सुरुवातीला कान बंद वाटतो तो जेलफोममुळे. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, साधारण 3 महिन्यांनी.