हेवी लायसनचा क्लास: उस्ताद पाच स्टार, रजिस्टर दोन स्टार

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं ड्रायव्हिंग स्कूल आहे, नाव नाही लिहीत, मालक ओळखीचा आहे अन् बाजाराच्या दिवशी तोंड दाखवा लागते. नोव्हेंबरात हेवीसाठी नाव टाकलं, साडेअकरा हजार घेतले, लर्निंग अन् ट्रायलची सरकारी फी वेगळी.

पहिले माझं सांगतो. चार वर्षं झाले पिकअप चालवून राहिलो, तूर, सोयाबीन, कधी लग्नाचा मंडप. साध्या फोरव्हीलरच्या लायसनवर पिकअप चालते का नाही यावरून जो तो भेव दाखवत होता, ते २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं मिटवलं, साडेसात हजार किलोच्या आतली गाडी असली तर वेगळा शिक्का नाही लागत. पण ट्रक म्हटला की हेवीच पाहिजे. त्याला वय २० पूर्ण पाहिजे अन् फोरव्हीलरचं लायसन कमीत कमी एक वर्ष जुनं पाहिजे, नाहीतर हेवीचं लर्निंगच निघत नाही. वरून डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १ए. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली, आमच्या बॅचमधल्या एका दादाची शाळा चौथीत सुटलेली, बिचारा त्या अटीपायी कितीक वर्षं ट्रकवर क्लीनरच राहिला, आता पन्नाशीला टेकल्यावर शिकायला आला अन् आमच्यापेक्षा बरा चालवते.

आता मुद्द्याचं. हेवीला फॉर्म ५ लागते, म्हणजे स्कूलचं सर्टिफिकेट का या माणसाला आम्ही शिकवलं. नियमात ३० दिवसांचं ट्रेनिंग आहे अन् त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १५ तास. तास लिहायचं जे रजिस्टर असते त्याचंही नाव फॉर्म १५ च. आम्ही पाच जण अन् ट्रक एक. सकाळी सातला जायचं, एकेकाला वीस-पंचवीस मिनिटं भेटायची, बाकी वेळ मागं फाळक्याला टेकून दुसऱ्याची मजा पाहत बसा. त्यात कापसाचा सीझन. आठवड्यातून दोनदा तरी गेलो का ट्रक जाग्यावर नाही, मालकानं जिनिंगला कापूस न्यायला लावलेला. खरं म्हणजे स्कूलची गाडी फक्त शिकवण्यासाठीच ठेवायची असा नियम आहे, ‘L’ लिहिलेल्या गाडीत कापूस भरून जाते तेव्हा शिकून कोण राहिलं देव जाणे. मी मोबाईलवर टाइम लावून ठेवत होतो. महिना संपला तेव्हा माझे झाले ९ तास २० मिनिटं, रजिस्टरात १५ पूर्ण, वळणदार अक्षरात. विचारलं तर मालक म्हणे, "बाजूला बसून पाहिलं तेही शिकणंच असते ना भाऊ." तीन सकाळी जास्तीच्या दिल्या, डिझेलचे पैसे नाही घेतले हे कबूल, तरी १२ च्या वर काही गेलं नाही. अन् सही मी केलीच, खोटं कशाला बोलू, ट्रायलची तारीख लागली होती.

थेअरीचं तर विचारूच नका. सिलॅबसमध्ये इंजिनची दुरुस्ती, प्रथमोपचार, आग लागली तर काय करायचं, रस्त्यावर लोकांशी सभ्यपणे वागायचं, एवढं सगळं आहे. आम्हाला भिंतीवरचा साइनबोर्डचा चार्ट दाखवला अन् चहा पाजला.

मग चार शब्द चांगले काहून लिहून राहिलो? उस्तादपायी. साठीचा माणूस, अर्धी जिंदगी नागपूर-हैदराबाद लाइनवर गेली, मान एका बाजूनं धरलेली. पहिल्या दिवशी स्टार्टर मारल्या मारल्या मी गिअर टाकायला गेलो, त्यानं हातावर चापट मारली. "अबे थांब, हवा तं भरू दे! पिकअप नोय हे." एअर ब्रेकचं तेच असते, टाकीत प्रेशर झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, काटा वर येईस्तोवर अन् बझर बंद होईस्तोवर गुमान बसायचं. उतारावर सारखा पंपासारखा ब्रेक मारत गेलं तर हवा खतम होत जाते अन् लायनर तापते, म्हणून उताराच्या आधीच गिअर पाडायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना तो ज्या शिव्या देते त्या इथं लिहिता येत नाहीत.

अन् एक गोष्ट अशी दाखवली का मी जन्मभर नाही विसरत. मोकळ्या वावरात ट्रक उभा केला, बादली आणली, डावीकडच्या पुढच्या अन् मागच्या टायरवर पाणी ओतलं, म्हणे आता डावा टर्न मार. मारला. खाली उतरून पाहिलं तर धुरड्यात दोन ओल्या रेघा, मागच्या टायरची रेघ पुढच्यापेक्षा पार आत, चांगली हातभर. "या दोन रेघांच्या मधात सायकलवाला असते," एवढंच बोलला अन् विडी पेटवली. पिकअपवर चार वर्षं घालून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रिव्हर्स पण तेलाच्या दोन टिपांमधून, म्हणजे ड्रमांमधून, शिकवला, खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं का ओरडायचा, आरशात पाह्य, आरसा कशाले देला.

ट्रायल पहिल्या दणक्यात पास झालो, लायसन ५ वर्षांचं भेटलं. सरकारनं ते नवीन मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग ट्रेनिंग सेंटरचं काढलं आहे त्यात हेवीला ३८ तास आहेत अन् तिथून पास झालं का आरटीओची ट्रायल माफ, ज्याला जमते त्यानं तिकडंच जावं. मला वावर सोडून रोजचं जाणंयेणं झेपलं नसतं.

याच स्कूलमध्ये जायचं असन तर नाव टाकायच्या आधी बॅचमध्ये किती जण आहेत विचारा अन् उस्तादच शिकवन हे मालकाकडून वदवून घ्या, कारण दुपारच्या बॅचला मालकाचा भाचा बसते अन् तो पोट्टा मोबाईलवरून मान वर करत नाही. माझा चुलतभाऊ आताच जातो म्हणत होता, त्याला थांबवलं. म्हटलं कापूस संपू दे, मार्चात जा, तेव्हा ट्रक रिकामा असते.