गुजरीतलं दहापट भिंग: हिरवे कोळी बघायला कितपत कामाचं?

बागेतले बारके हिरवे कोळी नीट बघायचे असतील तर मोबाइलच्या लेन्सआधी सोनाराचं घडीचं भिंग घ्यावं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानांत ते मिळतं. मागताना ‘दहापट, २१ मिलिमीटर व्यासाचं, तीन काचांचं’ असं स्पष्ट सांगा. शेजारी ‘३०पट’ छापलेली भिंगं असतात, त्यांच्या नादी लागू नका. दुकानाच्या दारातच तपासता येतं: बाहेरच्या उजेडाचं चित्र भिंगातून कागदावर पाडा आणि काच ते कागद अंतर मोजा. २५० ला त्या मिलिमीटरने भागलं की खरी पट कळते. दहापटीला साधारण २५ मिलिमीटर येतं. ३०पटीला जेमतेम ८ यायला हवं, पण स्वस्त भिंगांत ते वीसच्या पुढेच भरतं. मग आलेखाचा कागद बघा. कडेला रेघा वाकल्या किंवा रंगीत किनार दिसली तर तीन काचांचं नाही, परत द्या.

आपल्याकडे या भिंगाखाली बघण्यासारखा कोळी म्हणजे बिजोअरॅनियस मिटिफिकस (आधीचं नाव अरॅनियस मिटिफिकस). मादी सेंटिमीटरच्या आतली, पाय हिरवट, पांढरट पोटावर काळा ठसठशीत डाग. दिवसा ती जाळ्यात क्वचितच दिसते. शेजारच्या मुडपलेल्या पानात बसून जाळ्याच्या मध्यापासून आलेल्या धाग्यावर पाय टेकवून असते. तो धागा तुटू देऊ नका. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून डोकंच पुढे न्या. श्वास जाळ्यावर गेला की ती आत सरकते, म्हणून तोंड बाजूला. जाळ्यामागे काळा कागद धरला की गोल फेऱ्यांच्या धाग्यावर चिकट थेंबांची माळ स्वच्छ दिसते, मध्यातून निघणारे आडवे-उभे धागे मात्र कोरडे. एवढ्यासाठीसुद्धा भिंगाचे पैसे वसूल होतात.

जात पक्की करायला मात्र ते पुरत नाही. त्यासाठी प्रौढ मादीच्या पोटाखालचं जननांग सूक्ष्मदर्शकाखालीच बघावं लागतं. पकडून अल्कोहोलमध्ये ठेवलात तर हिरवा रंग उडतो, म्हणून आधी जिवंतपणी फोटो काढा.

चकचकीत क्रोमपेक्षा काळ्या चौकटीचं घ्या, झगमग डोळ्यात येत नाही. काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्यामुळे स्पिरिटमध्ये बुडवू नका. मऊ कापडाने पुसा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर काचेवर बुरशी धरते.